कोडोलीमार्गे कोकण

महांतेश मुगळीला गाडी चालवता येण्याच्या कितीतरी आधीपासून रस्ता सांगता येत होता. शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत तो प्लॅनिंगचं काम बघायचा, तिथल्या कुणाला गोव्याला जायचं असो की तुळजापूरला, माणूस आधी चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलापाशी यायचा. महांतेश डोळे मिटून घ्यायचा. सगळा मुलूख पापण्यांच्या आतल्या बाजूला काढून ठेवल्यासारखा आतल्या आत न्याहाळायचा आणि मग सांगायचा, "सरळ जाऊ नका. फसाल." माणूस सरळच जायचा आणि सुखरूप पोचायचा. पण परत आल्यावर तसं तोंडावर कुणी सांगत नसे, त्यामुळे महांतेशची कीर्ती टिकून होती.

खरं म्हणजे त्याने स्वतः फारसा प्रवास केलाच नव्हता. गडहिंग्लजजवळचं गाव, कोल्हापूर, बहिणीचं कोडोली आणि एकदा कुणाच्या तरी लग्नाला सोलापूर. कोकण तर त्याने नकाशातच पाहिलं होतं. पण हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं आणि तोही ते सहसा आठवत नसे.

दोन हजार एक साली त्याने जुनी पांढरी मारुती घेतली आणि पंचाईत झाली. पहिल्याच आठवड्यात बायको दानेश्वरी म्हणाली, "लोकांस्नी वाटा सांगायचं आता बास करा. आमाला घेऊन चला की कुठंतरी."

"कुठं?"

"समुद्रावर," आतून प्रेरणा ओरडली. ती नववीत होती आणि तिच्या वर्गातल्या सगळ्या मुलींनी समुद्र बघितला होता, निदान त्या तसं सांगत तरी होत्या.

गणपतीपुळ्याला जायचं ठरलं. तिथं एका बागवाल्याकडे राहायची सोय होती, ती दिवाळीच्या सुट्टीत मिळाली. मग महांतेशने जमिनीवर नकाशा पसरला आणि महिनाभर मुगळ्यांच्या घरात त्या नकाशाला वळसा घातल्याशिवाय कुणाला स्वयंपाकघरात जाता येईना. कोकणात उतरायला कोल्हापूरकरांना घाट काय कमी आहेत? करूळ आहे, फोंडा आहे, आंबोली आहे, आंबा आहे. गणपतीपुळ्याला आंबा घाटानेच जायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण जे शेंबड्या पोराला ठाऊक आहे ते करायला प्लॅनिंगवाला कशाला हवा? महांतेशने चारही घाटांचा अभ्यास केला. एसटीच्या ड्रायव्हरांना स्टँडवर गाठलं. फाउंड्रीत माल न्यायला येणाऱ्या ट्रकवाल्यांना बिडी पाजली.

"महांतेशराव," शेवटी फोरमन हंबीरराव वैतागून म्हणाला, "शिवाजी पुलावरनं भाईर पडा, केर्ली, वाघबीळ, मलकापूर, आंबा. खाली उतरला की कोकण. ह्यात इचार करण्याजोगं हाय काय?"

"हाय," महांतेश म्हणाला. "दिवाळीची सुट्टी हाय. निम्मी जनता जोतिबाला, निम्मी पन्हाळ्याला. केर्लीत गाड्या तुंबल्या की तितंच दिवाळी."

आणि त्याला तो रस्ता सापडला. शहरात शिरायचंच नाही. उचगावातल्या घरून थेट हायवेला लागायचं, वाठारला डावीकडं वळायचं, वारणानगर, कोडोली करत बोरपाडळ्याला रत्नागिरीच्या रस्त्याला मिळायचं. लांबचा होता, पण मोकळा. असा रस्ता अख्ख्या कोल्हापुरात कुणाला सुचला नसेल, या विचाराने महांतेशला त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

अडचण एकच होती. बागवाल्याने दिलेला दिवस नेमका भाऊबीजेचा होता आणि कोडोलीत आक्का होती.

आक्का म्हणजे महांतेशची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलेला. भाऊबीजेला तो दर वर्षी कोडोलीला जायचा आणि एकदा गेला की सूर्य मावळेपर्यंत तिथून सुटका नसायची. आधी अंघोळ, मग फराळ, मग ओवाळणं, मग जेवण, मग झोप, मग झोपेतून उठवून पुन्हा फराळ. "आक्का, यंदा आम्ही समुद्रावर चाललोय" असं तिला सांगण्याची त्याची छाती नव्हती. बेचाळीस वर्षांचा, हाताखाली माणसं असलेला, डोक्यावर टक्कल पडत चाललेला महांतेश आक्काच्या आवाजाला अजून शाळकरी पोरासारखा घाबरायचा.

म्हणून त्याने तिला फोन करून सांगितलं, "आक्का, यंदा भाऊबीजेला जमत न्हाय गं. भट्टी बंद ठेवता येत न्हाय. ऑर्डर लई हाय." आणि दानेश्वरीला सांगितलं, "आक्काच म्हणाली, यंदा दिवाळी झाल्यावर निवांत या." दोन्ही थापा इतक्या सफाईने बसल्या की त्याला त्यातही प्लॅनिंगच दिसलं.

आक्काच्या दारावरूनच रस्ता जातो हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. दुसरा कुणी असता तर त्याने एवढ्याचसाठी तो रस्ता सोडला असता. महांतेशला तो सोडवेना. भीती आणि अक्कल यांची झुंज लागली आणि अक्कल जिंकली. त्याच्या आयुष्यात अक्कल जिंकली की नेहमी असंच काहीतरी व्हायचं. आक्का सकाळी गोठ्यात असते, आपण भुर्रकन निघून जाऊ, असा त्याने हिशोब केला. आणखी खबरदारी म्हणून त्याने दाजींना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला, एकदा फोन केला. दाजींना सगळं गाव आण्णा म्हणायचं. माणूस शांत, विचारलं तेवढंच बोलणारा.

"दाजी, वाठार ते बोरपाडळे रस्ता कसा हाय? एका दोस्ताला पायजे."

"झकास हाय. नवीन डांबर पडलंय."

"आणि कोडोली गावात न शिरता, मागनं कुठनं जायाला येतंय काय?"

"न्हाय बा," दाजी म्हणाले. "गावातनंच."

भाऊबीजेच्या सकाळी निघायला उशीर झाला, कारण दानेश्वरीने चिवड्याचा डबा पिशवीच्या तळाला ठेवला आणि मग तो वर काढायला सगळी पिशवी उपसली. हायवेला चौपदरीकरणाची खोदाखोद चालू होती. महांतेश स्टिअरिंगला छाती टेकवून, गिअर बदलताना खाली वाकून बघत गाडी चालवत होता. प्रेरणा पुढं बसली होती, नकाशा तिच्या मांडीवर.

"पुलावरनं न्हाय गेलो आपण?" मागून दानेश्वरीने विचारलं.

"तिकडं पन्हाळ्याची गर्दी," तो म्हणाला. "बघच तू आता रस्ता कसा मोकळा मिळतोय."

वाठारचा फाटा वळेपर्यंत खरोखरच मोकळा होता. वळल्यावर पहिला ट्रॅक्टर दिसला. त्याला दोन ट्रॉल्या, दोन्हींत ऊस वरपर्यंत खच्चून भरलेला. त्याच्या पुढं आणखी एक. त्याच्या पुढं बैलगाड्या, एकीमागे एक, नजर पोचेल तिथवर. हवेत गुळमट वास होता आणि लांबवर चिमणीचा धूर वर चालला होता.

महांतेशने महिनाभर चार घाट अभ्यासले होते, सुट्टीतली गर्दी मोजली होती, केर्लीचं वळणही धरलं होतं. पण वारणेच्या खोऱ्यात दिवाळीच्या सुमाराला गळीत हंगाम सुरू होतो, ऊस तोडून कारखान्याला जातो आणि तो ऊस काही विमानाने जात नाही, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. ज्या जिल्ह्यात जन्म गेला, जिथल्या उसाच्या मळीचा वास नाकात बसला, तिथलाच तो. त्याने स्वतःला मनातल्या मनात एक अस्सल कोल्हापुरी शिवी हासडली आणि मोठ्याने म्हणाला, "फुडं मोकळं असंल."

पुढं मोकळं नव्हतं. वारणानगर कसंबसं मागं पडलं, पण भरल्या गाड्या समोरून येत होत्या, रिकाम्या त्याच्या पुढं चालल्या होत्या आणि कोडोलीच्या तोंडाशी दोघींची गाठ पडून सगळंच थांबलं. गाडी जरा सरकायची, थांबायची. जरा सरकायची, थांबायची. अशी सरकत सरकत ती गावात शिरली आणि एका निळ्या फाटकासमोर जी थांबली ती थांबलीच. पुढं बैलगाडी, मागं ट्रॅक्टर.

ते फाटक आक्काचं होतं.

"अगंबाई, आक्कांचं घर," दानेश्वरी म्हणाली. "ह्या वाटेनं यायचं ठरलं होतं व्हय?"

फाटकात आक्का उभी होती. हिरवं इरकल, कपाळाला विभूती, हातात काठी. पुढच्या गाडीचा बैल मान लांब करून तिच्या फाटकावरचं झेंडूचं तोरण खात होता आणि ती गाडीवानाच्या सात पिढ्यांचं भलं चिंतत होती. महांतेशने प्रेरणाच्या मांडीवरचा नकाशा ओढला आणि तोंडासमोर धरला. महाराष्ट्राचा सगळा पश्चिम किनारा त्याच्या नाकाला लागला.

"पप्पा, काय करताय?"

"गप. वाट बघतोय."

काचेवर काठी वाजली. त्याने काच बोटभर खाली केली.

"ओ पावणं," आक्काचा आवाज आला, "गाडी जरा मागं घ्या की. बैल तोरण खायलाय माझं."

"मागं जागा न्हाय," महांतेश नकाशाआडून घोगऱ्या आवाजात म्हणाला. प्रेरणाने ओढणी तोंडात कोंबली.

"नकाशा बघताय म्हंजे वाट चुकलाय जनू."

"व्हय."

"कुठं जायाचं?"

"आंबा घाट."

"अगं बया! मग वाघबीळवरनं जायाचं सोडून हिकडं कशाला तडमडलाय? कुणा येड्यानं सांगितला तुमास्नी ह्यो रस्ता?"

इथं महांतेशने गप्प बसायला हवं होतं. कुणीही शहाणा माणूस बसला असता. पण महिनाभराचा अभ्यास त्याच्या घशाशी आला, घोगरा आवाज सुटला आणि तो स्वतःच्याच आवाजात तावातावाने म्हणाला, "येडा कसला? केर्लीत गाड्या तुंबतात म्हणून ह्योच बरा पडतोय!"

काठी काचेवरून खाली आली.

"तम्मा," आक्का म्हणाली. गडहिंग्लजकडच्या कानडीत धाकट्या भावाला असंच म्हणतात आणि त्याला तशी हाक मारणारं जगात ते एकच माणूस होतं. "नकाशा खाली घे."

त्याने नकाशा खाली घेतला.

"भट्टी इझली काय रे?"

"कसली भट्टी?" दानेश्वरी मागून म्हणाली. "आक्का, तुमीच म्हनला न्हवं, दिवाळी झाल्यावर या म्हणून?"

"मी? मी कशाला म्हणू? ह्योच म्हनला, भट्टी बंद ठेवता येत न्हाय."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मग दोघींनी मिळून महांतेशकडे. त्या बघण्याला तोंड देण्यापेक्षा बैलगाडीखाली शिरावं असं त्याला वाटलं. दानेश्वरी दार उघडून उतरली आणि आक्काच्या पाया पडून सरळ घरात गेली. पाठोपाठ प्रेरणा गेली. गाडी फाटकातून आत घ्यायला त्याला आक्कानेच काठी हलवून जागा दाखवली.

पुढचं सगळं दर वर्षीसारखंच झालं. तेल, गरम पाणी, पाट, रांगोळी. आक्का रागावून काही बोलली असती तर बरं झालं असतं. तिने नेहमीच्याच मायेने त्याला ओवाळलं, तोंडात करंजी कोंबली. शेजारच्या शालूबाई फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा तर ती म्हणाली, "बघा शालूबाई, भट्टी पेटती ठेवून आलाय माझा भाऊ. कामाचा लई बोजा हाय त्येच्यावर, पर भाऊबीज न्हाय चुकवत."

शालूबाईंनी कौतुकाने मान हलवली. महांतेशने उरलेली करंजी ताटात ठेवली. थाप आपण मारावी आणि ती दुसऱ्याने आपल्या अब्रूसाठी पुढं चालवावी, याच्याइतकी लाजेची गोष्ट त्याने आजवर अनुभवली नव्हती. शालूबाईंची पाठ वळताच तो म्हणाला, "आक्का, मी तुज्याकडं येत न्हवतो. कोकणात चाललोतो. समुद्र बघाय. तुला खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय की."

"आता कळलं तुला. पर मी..."

"आत्ता न्हाय. कवाच कळलंय." आक्काने दाजींकडे बोट केलं. दाजी कोपऱ्यात चकली मोडत बसले होते. "त्येंनी सांगितलं. दोस्ताला बोरपाडळ्याची वाट पायजे म्हनालास, म्हंजे फुडं कोकणच की. दोस्ताला कोडोलीत न शिरता फुडं जायाचं हाय म्हनालास. तम्मा, कोडोली चुकवून जावं असं तुज्याबिगर दुसऱ्या कुणाचं कोडोलीत काय हाय रे?"

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली दानेश्वरी एवढ्या रागातही फिस्सकन हसली.

"दाजी," महांतेश केविलवाणं म्हणाला, "निदान ऊस चालू हाय म्हणून तरी सांगायचं."

"तू रस्ता कसा हाय ते इचारलास," दाजी म्हणाले. "रस्ता झकासच हाय. रस्त्यावर काय हाय ते कुठं इचारलास?"

"आणि मी फाटकात काय त्या बैलासाठी हुबी व्हते व्हय?" आक्का म्हणाली. "सकाळधरनं तुजीच वाट बघत व्हते. ती पांढरी गाडी सरकत येताना कवाच दिसली. तोंडाफुडं नकाशा धरलास तवा म्हनलं, बघू तरी किती येळ धरतोय."

महांतेशला हसावं की रडावं कळेना. आपण एवढी आखणी केली ती कुणापासून लपायला, तर जी आपली वाट बघत दारात उभी होती तिच्यापासून. त्याला एकदम स्वतःचं हसू आलं आणि ते आल्यावर जरा हलकंही वाटलं.

"मग रागावलीस?"

"रागावले व्हते. दोन दिस जेवले न्हाय. तिसऱ्या दिशी भूक लागली." आक्का उठली, आतल्या खोलीत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन आली. पिशवी भरलेली होती. वर दोन लुगडी दिसत होती. "मग म्हनलं, रागावून समुद्र दिसणार हाय व्हय? मी बी येणार हाय. लगीन झाल्यापास्नं ह्येंस्नी सांगतीया, एकदा समुद्र दावा. म्हैस कोण बघणार म्हणत्यात."

"म्हैस कोण बघणार?" दाजींनी विचारलं.

"तुमी," आक्का म्हणाली.

जेवण होईपर्यंत रस्ता मोकळा झाला. आक्का मागं बसली, तिच्या शेजारी दानेश्वरी. पुढं महांतेश आणि प्रेरणा. बोरपाडळ्याला हमरस्ता लागला. तिथं वाघबीळकडून गाड्या सुरळीत येत होत्या, एकही तुंबलेली दिसत नव्हती. हे सगळ्यांना दिसलं. महांतेश मनात म्हणाला, हंबीररावाला हे कळता कामा नये.

मलकापूर गेलं, आंब्याचं जंगल आलं आणि घाट सुरू झाला. घाटाच्या वळणांवर महांतेश कितीतरी वेळा बोलला होता. चालवायला तो पहिल्यांदाच आला होता. पहिल्या वळणाशी डाव्या बाजूची जमीन संपलेली दिसली आणि त्याने गाडी दुसऱ्या गिअरात टाकली ती तळाशी पोचेपर्यंत बदलली नाही. मागं गाड्यांची रांग लागली. भोंगे वाजले. एक जीपवाला शेजारून जाताना ओरडला, "काका, उतरून चालत या की!"

"चालीव रं तू हळू," आक्का मागून म्हणाली. "त्येला घाई असंल. आपल्याला कुठं भट्टीवर जायाचंय?"

या वेळी दानेश्वरी मोकळेपणाने हसली. घाटाखाली साखरप्याला चहाला थांबले तेव्हा तिने आपणहून त्याच्यासमोर चिवड्याचा डबा धरला. "परत मला अशी थाप मारायची न्हाय," ती म्हणाली. "जायाचं न्हाय तर न्हाय म्हणायचं. आक्कांकडं जायाला मी कधी नको म्हनलंय?"

"न्हाय म्हनलीस."

"मग?"

त्याने मूठभर चिवडा तोंडात टाकला.

पुढं हातखंब्याला फाटे आले. महांतेशने सवयीने डोळे मिटण्याच्या बेतात गाडी बाजूला घेतली. नकाशात एक आतला रस्ता होता, बारीक रेघेचा. "पप्पा," प्रेरणा म्हणाली, "समोर पाटीवर गणपतीपुळे लिहिलंय." त्याने पाटीकडे बघितलं. बाण मोठा होता, अक्षरं मोठी होती. तो मुकाट पाटीच्या बाणाने गेला.

समुद्र एकदम दिसला. एका चढाच्या माथ्यावरून, झाडांच्या फटीत, उन्हाने चकाकणारा. महांतेशला आपण गाडी चालवतोय हे आठवायला जरा वेळ लागला.

बागवाल्याकडे पिशव्या टाकून ते वाळूवर उतरले तेव्हा सूर्य अजून पाण्याच्या वर होता. प्रेरणा केव्हाच पळाली होती. दानेश्वरी चपला हातात घेऊन तिच्या मागं गेली. आक्काने लुगडं वर खोचलं, महांतेशचा हात घट्ट धरला आणि दोघं पाण्यात शिरले. एक लाट आली, घोट्यांवरून गेली आणि परतली. पायांखालची वाळू सरकली.

"तम्मा!" आक्का किंचाळली. "भुई पळाय लागलीया खालनं!"

त्याच्याही पायांखालून ती पळत होती. तरी तो म्हणाला, "असंच असतंय ते."

दुसरी लाट आली. आक्काने हात सोडला नाही. भाऊ आता समुद्राच्या बाबतीतही जाणता आहे, अशा विश्वासाने तिने विचारलं, "मग आता पाणी वर यायलंय का म्हागारी जायालंय?"

महांतेशने पाण्याकडे बघितलं. मग मागं वाळूवरच्या ओल्या रेषेकडे बघितलं, मग पुन्हा पाण्याकडे. डोळे मिटायचा मोह झाला, पण मिटले असते तर बहुतेक पडला असता.

"ठाऊक न्हाय, आक्का," तो म्हणाला. "मी बी पयल्यांदाच बघतोय."

आक्काने त्याच्याकडे नीट बघितलं. "मग हुबा ऱ्हा गप," ती म्हणाली. "पाय भिजले की कळंल."

आणि पुढची लाट दोघांच्या पोटऱ्यांवर येऊन फुटली.